हळद, विड्याचं पान आणि परळचे उंदीर



ज्वारी हुरड्यात आलीय. पाखरं राखायचं काम चालू आहे, त्यामुळं माळ्यावर बसून लिहायला वेळ मिळतोय. गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज चार ग्रुपवर आला, आणि तिघांनी तो मला वेगळा पाठवून विचारलं, "हे खरं का ओ?" मेसेज असा: हळद, लसूण, विड्याचं पान आणि ज्वारी यांतल्या द्रव्यांमुळं पोटाचा कॅन्सर होतच नाही, हे मुंबईच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. खाली एका चूर्णाची जाहिरात, फोन नंबर आणि किंमत.

आता यातलं मुंबईचं नाव खोटं नाही. परळला असं काम खरंच झालंय. पण ते काय झालं, कुणावर झालं आणि त्याच जागी आणखी काय सापडलं, हे मेसेजवाल्यानं गाळलंय. म्हणून आज खत-फवारणी बाजूला ठेवून थोडा इतिहास.

सुरुवात आपल्याच पिकापासून करू. झाड ही द्रव्यं आपल्यासाठी बनवत नाही, स्वतःच्या राखणीसाठी बनवतं. ज्वारीचंच बघा. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे आपल्याकडं पोरासोरांना माहीत आहे. त्या कोवळ्या पानात धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून पोटात सायनाइड सुटतं. तीच ज्वारी मोठी झाली, वाळली, की कडबा म्हणून तेच जनावर आनंदानं खातं. द्रव्य कोणतं यापेक्षा किती, कधी आणि कुणाच्या पोटात, हा प्रश्न मोठा. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

मेसेजमध्ये ज्वारीच्या टॅनिनचं कौतुक आहे. टॅनिन तुरट असतं, पाखराला आवडत नाही, म्हणून लाल-तपकिरी ज्वारीला राखण कमी लागते. पण आपली मालदांडी? मालदांडी 35-1 हे वाण आपल्या मोहोळच्याच संशोधन केंद्रावर गावरान मालदांडीतून निवडलेलं. इथल्या भारी काळ्या रानात वरच्या पावसाविना नुसत्या ओलीवर येणारं, आणि आजही रब्बीत लोक विश्वासानं पेरतात ते. दाणा पांढरा, मोत्यासारखा, भाकरी गोड. त्यात टॅनिन नावालाही सापडायचं नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान् पिढ्या गोड दाण्याचं कणीस बियाण्याला ठेवलं आणि तुरटपणा घालवला. म्हणून तर मी इथं गोफण घेऊन बसलोय! तेव्हा मालदांडीच्या नावावर टॅनिन विकणाऱ्याला आधी दाणा चावून बघायला सांगा. भाकरी खायला दुसरी शंभर कारणं आहेत.

आता परळ.

टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 साली उघडलं. तिथं पॅथॉलॉजीचं काम बघायचे डॉ. वसंत रामजी खानोलकर. माणूस मोठा विलक्षण. कॅन्सर कुठून येतो हे शोधताना त्यांनी लोकांच्या सवयी बघितल्या, नेसणं बघितलं, तोंडात काय ठेवतात ते बघितलं. 1945 साली त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्याबरोबर एक लेख छापला. त्यात धोतराच्या कॅन्सरचं वर्णन होतं. कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून धोतर आवळलं, की तिथली कातडी घासून काळी पडते, जाड होते आणि काहींना तिथंच कॅन्सर उठतो. त्याच लेखात ओठात तंबाखू धरणाऱ्यांचा कॅन्सर होता, आणि पेटलेलं टोक तोंडात ठेवून चिरूट ओढणाऱ्यांचाही. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वी परळमध्ये एक गोष्ट कळून चुकली होती, की माणसाच्या रोजच्या रीतीत रोग दडलेला असू शकतो. मग त्याच रीतीत बचावही असेल का, हा पुढचा प्रश्न.

1952 साली खानोलकरांच्या हाताखाली परळलाच कॅन्सर संशोधनाची वेगळी संस्था उभी राहिली. 1966 मध्ये ती आणि हॉस्पिटल मिळून टाटा मेमोरियल सेंटर झालं. पुढं 2002 साली संशोधनाचा हा भाग खारघरला गेला. पण आपल्या गोष्टीतलं काम परळच्या जुन्या जागेतलं आहे, 1990 च्या आसपासचं.

डॉ. एस. व्ही. भिडे यांच्या गटानं तिथं उंदरांवर प्रयोग केले. उंदरांना नळीनं पोटात बेंझोपायरीन द्यायचं. बेंझोपायरीन म्हणजे धुरात, जळलेल्या चरबीत, जळत्या तंबाखूत असणारं द्रव्य, हमखास गाठी उठवणारं. काही उंदरांना साधा खुराक, काहींना हळद मिसळलेला. हळद खुराकाच्या 2 टक्के आणि 5 टक्के. हळदवाल्यांच्या पोटात गाठी कमी उठल्या. जास्त हळद आणि जास्त दिवस, तसा फरक जास्त. हा अभ्यास 1992 साली छापून आला. त्याच्या आदल्या वर्षी विड्याच्या पानाच्या अर्काचा असाच अभ्यास आला होता, त्यातही गाठी कमी. मेसेजमधलं 'मुंबईच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' ते हे. काम प्रामाणिक, मोजमाप चोख. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण जरा हिशेब मांडू. रानात राबणारा माणूस दिवसाला धान्य आणि डाळ मिळून अर्धा किलो खातो असं धरा. त्याचे 2 टक्के म्हणजे 10 ग्रॅम हळद. 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. रोज. आपल्या कालवणात घरटी पडते चमचाभर, आणि तीही पाचसहा माणसांत वाटली जाते. पंचवीस ग्रॅम हळद एका माणसाच्या ताटात घातली तर पिठलं कुत्रंसुद्धा हुंगणार नाही.

दुसरं. उंदराच्या जठराला पुढं एक कप्पा असतो. दाणे साठवायला, बैलाच्या रवंथाच्या पोटासारखा नाही पण साठवणीचा. गाठी उठल्या त्या या पुढच्या कप्प्यात. माणसाला हा कप्पाच नाही. आपल्या जठराचं अस्तर वेगळं, त्यातला आम्लाचा मारा वेगळा. तेव्हा उंदराच्या कोठारात आग लागायची थांबली, म्हणून माणसाच्या चुलीला विमा मिळाला असं होत नाही.

तिसरं, हळदीतलं पिवळं द्रव्य, कुरकुमिन. ते 1815 सालीच फ्रान्समध्ये वेगळं काढलं गेलं होतं. हळकुंडात ते साधारण 3 टक्के. आणि पोटात गेलं तरी रक्तात फारच थोडं उतरतं, बरंचसं तसंच बाहेर पडतं. काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारणं आणि माणसाच्या अंगात मारणं यांत जे अंतर आहे, ते इथं पडतं.

आता खरी गोष्ट ऐका, जी मेसेजमध्ये नाही. भिडे यांच्या याच गटानं 1980 च्या दशकात उंदरांवर आणखी एक जिन्नस तपासला होता. मिशरी. तव्यावर जाळून काळी केलेली तंबाखू, आपल्याकडच्या बाया सकाळी दाताला लावतात ती. तिनंही उंदरांत कॅन्सर घडवला, जोर कमी असला तरी. प्रयोगशाळा तीच, प्रयोगाची पद्धतही तशीच. हळदीचा निकाल गावोगाव पोचला, त्याची पाकिटं निघाली. मिशरीचा निकाल तिथंच कागदात राहिला. आपल्याला जे ऐकायला गोड लागलं तेवढं आपण उचललं. विड्याच्या पानाचंही तसंच. पान उंदराला फायद्याचं ठरलं, पण आपण पान नुसतं कधी खातो? चुना, सुपारी, वर तंबाखूची चिमूट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं तंबाखूचा विडा 1985 मध्येच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत घातला, आणि 2004 मध्ये नुसती सुपारीही त्यात गेली. पानाच्या भरवशावर विडा खाणं म्हणजे निंबोळी अर्क आहे म्हणून त्यात एंड्रिन ओतून प्यायल्यासारखं.

मधेच एक आठवलं ते सांगतो. हळदीची कीर्ती एवढी वाढायला पेटंटचा खटलाही कारण आहे. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरनं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख होते, जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढं ठेवून ते आव्हान दिलं आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. भारी काम झालं, अभिमान वाटावा असंच. पण तो खटला जखमेचा होता आणि प्रश्न होता 'हे आधीपासून माहीत होतं का' एवढाच. हळदीनं कॅन्सर थांबतो का, हे तिथं कुणी तपासलंच नव्हतं. लोकांनी मात्र दोन्ही गोष्टी एका पोत्यात भरल्या.

लसणाची गोष्ट जास्त पुढं गेलेली आहे, कारण ती माणसांवर आणि शेतकऱ्यांवरच तपासली गेली. चीनच्या शांडोंग प्रांतात लिनच्यू म्हणून तालुका आहे. शेतकरी मुलूख. तिथं पोटाच्या कॅन्सरनं माणसं फार मरायची. आंबवलेल्या पिठाची धिरडी हा तिथला रोजचा जुना पदार्थ, आणि ती जास्त खाणाऱ्यांत रोग जास्त असं दिसलं. 1989 साली यू वेइचेंग आणि सहकाऱ्यांनी 564 रोगी आणि 1131 धडधाकट माणसं यांच्या खाण्याची तुलना छापली. लसूण, कांदा, पात भरपूर खाणाऱ्यांत धोका अगदी कमी खाणाऱ्यांच्या निम्म्याहूनही खाली.

इथं कुणीही थांबला असता आणि लसणाचं चूर्ण विकायला बसला असता. ते थांबले नाहीत. कारण लसूण खाणारा माणूस आणखीही काही वेगळं करत असेल, ताजी भाजी जास्त खात असेल, खारवलेलं कमी खात असेल. म्हणून 1995 मध्ये त्यांनी 13 गावांतली 3365 माणसं घेतली आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटप केलं. काहींना सात वर्षांहून जास्त काळ रोज लसणाच्या गोळ्या, काहींना जीवनसत्त्वाच्या, आणि ज्यांच्या पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू होता त्यांतल्या काहींना फक्त दोन आठवडे जंतू मारायचं औषध. बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या.

हा जंतू कुठून आला ते सांगायला पाहिजे. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर वॉरन आणि मार्शल यांनी 1982 मध्ये तो जठरातून वेगळा काढून वाढवला. तोपर्यंत एवढ्या आम्लात जंतू जगतच नाही अशी समजूत होती. लोक ऐकेनात म्हणून मार्शलनं 1984 मध्ये स्वतः जंतूचं पाणी पिऊन जठराला सूज आणून दाखवली. 1994 मध्ये हा जंतू कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत अधिकृतपणे गेला, 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पोटाच्या कॅन्सरचा मोठा वाटा या जंतूकडं जातो. लहानपणी अंगात शिरतो, वर्षानुवर्षं जठराचं अस्तर झिजवतो आणि त्यावर खारवलेलं, धुरवलेलं खाणं, विडी-सिगारेट यांची भर पडली की काम बिघडत जातं.

तर लिनच्यूचा निकाल. 2006 मध्ये पहिला आला तेव्हा लसणानं जठरातल्या बिघडलेल्या अस्तरात काही फरक दिसला नाही. दोन आठवड्यांच्या औषधानं दिसला. लोकांनी लसणाचं पान मिटलं. पण त्या मंडळींनी वही मिटली नाही, तीच गावं, तीच माणसं बघत राहिले. 2019 मध्ये बावीस वर्षांचा हिशेब छापला. जंतूचं औषध घेतलेल्यांत कॅन्सर साधारण निम्म्यावर. लसणाच्या गटात कॅन्सर होण्यातला फरक पक्का म्हणावा एवढा नाही, पण त्या कॅन्सरनं मरणं साधारण एक तृतीयांशानं कमी. जीवनसत्त्वांनीही काही उपकार केले. म्हणजे लसूण अगदीच रिकामा गेला नाही. पण सात वर्षं रोज गोळ्या आणि बावीस वर्षं वाट, तेव्हा एवढं हाती लागलं. आणि तेही जिथं हा रोग घरोघरी होता अशा मुलखात. पंधरा दिवसांच्या कोर्सनं गॅरंटी देणाऱ्याला हे विचारा.

लसणाबद्दल आपल्या कामाचं एक सांगतो. अख्ख्या पाकळीत ॲलिसिन नसतंच. पाकळी ठेचली की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि तिथल्या तिथं ॲलिसिन तयार होतं, तोच तो वास. अख्खी पाकळी थेट तापल्या तेलात टाकली तर ते बनायच्या आधीच मोडतं. ठेचून दहा मिनिटं ठेवून मग फोडणीला टाका. खलबत्त्यातला ठेचा त्या दृष्टीनं बरा. मीठ मात्र हात आखडून, कारण जठराच्या बाबतीत मीठ आणि खारवलेलं याविरुद्धचा पुरावा लसणाच्या बाजूच्या पुराव्यापेक्षा जाड आहे.

अमेरिकेत 1930 च्या सुमारास पोटाचा कॅन्सर हा मोठा मारेकरी होता. पुढच्या काही दशकांत तो आपोआप उतरला. कुणी चूर्ण खाल्लं नव्हतं. घरात फ्रीज आला, खारवलेलं-धुरवलेलं मांस कमी झालं, बारमाही ताजी भाजी-फळं मिळू लागली, पाणी आणि घरं स्वच्छ झाली तसा पोरांना जंतू लागणं कमी झालं. जपानमध्ये हा रोग फार. पण अमेरिकेत जाऊन राहिलेल्या जपान्यांचा 1968 मध्ये अभ्यास झाला, त्यात पहिल्या पिढीत रोग बराच टिकला आणि तिथं जन्मलेल्या पोरांत कमी झाला. रक्त तेच, ताट बदललं.

आणि आपल्याकडं? त्यासाठी मोहोळहून वैरागमार्गे बार्शीला जावं लागेल. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात 1987 पासून खेड्यातल्या कॅन्सरची नोंदवही ठेवली जाते. देशातली खेड्यांची ही पहिली. मुंबई शहराची नोंद 1963 पासून होती, पण खेड्यात कोण कशानं मेलं हे कुणी लिहीतच नव्हतं. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने यांनी बार्शी, परांडा, भूम या भागात माणसं गावोगाव फिरवली. शिक्षकाला, सरपंचाला विचार, घरी जा, लक्षणं समजावून सांग, संशय आला तर हॉस्पिटलात आण. मोजायला गेलेली माणसं सांगतही सुटली, आणि बाया गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्यायला लवकर येऊ लागल्या. याच मंडळींनी पुढं धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायांवर केलेला तपासणीचा अभ्यास 2009 मध्ये जगभर गाजला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं मृत्यू निम्म्यावर आले होते.

त्या बार्शीच्या वहीत पोटाचा कॅन्सर फार कमी. मिझोरामच्या ऐझॉलमध्ये तो देशात सगळ्यात जास्त, तिथं धुरवलेलं मांस आणि तंबाखूच्या धुराचं पाणी तोंडात धरायची रीत. आपल्याकडं जंतू निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात, तरी रोग कमी, हे जगातल्या डॉक्टरांना कोडंच आहे. भाकरी, कांदा, हिरवी भाजी, ताक यांचा त्यात वाटा असेलही. माझं मन तसंच म्हणतं. पण मन म्हणतं तो पुरावा नव्हे. आणि खेड्यातला माणूस दुर्बिणीची तपासणी न करताच घरी गेला तर तो वहीत येतच नाही, हेही धरावं लागतं.

आमच्या भावकीतल्या एका आण्णांचं असंच झालं. दोन घास खाल्ले की पोट गच्च, मग भूक मेली, धोतर सैल पडायला लागलं. कुणीतरी हळद-लसणाचा काढा सांगितला. आठ महिने न चुकता घेतला, श्रद्धेनं घेतला. दुर्बीण घातली तेव्हा गाठ यकृतापर्यंत गेली होती. काढ्यानं त्यांना काही अपाय केला नाही. त्यानं आठ महिने खाल्ले.

तेव्हा पोटात सारखं दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, काळी शी, वारंवार उलटी, घास अडकणं, अंगातलं रक्त कमी होणं, यांतलं काही दोन-तीन आठवड्यांत हटलं नाही तर सिव्हिलला किंवा जवळच्या डॉक्टरला दाखवा आणि दुर्बिणीचं विचारा. जंतू निघाला तर त्याच्या गोळ्या दोन आठवड्यांच्या, पण डॉक्टरनं दिलेल्याच आणि पुऱ्या घ्यायच्या.

आता राहिला त्या तिघांतल्या एकाचा प्रश्न. त्यानं या साली दहा गुंठे हळद केलीय, घरी दळून पाकिटं करणार आहे, आणि विचारतो, पाकिटावर 'कॅन्सररोधक' छापू का? भावा, छापू नको. कॅन्सर बरा करतो किंवा टाळतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, आणि खाद्याच्या पाकिटावर असला दावा केला तर अन्न व औषधवाले वेगळे येतील. वाण लिही, गाव लिही, काढणीचा महिना लिही. आणि रंग खुलवायला पॉलिशच्या वेळी कोणी पिवळी पूड टाकायला सांगितली तर त्याला दारात उभा करू नको, ती लेड क्रोमेट असू शकते, म्हणजे शिसं. बिनरंगाची, घरची, ओळखीच्या शेतातली हळद एवढं जरी खरं लिहिलंस तरी सोलापूरच्या बाजारात गिऱ्हाईक आहे. पहिली दोन किलो माझ्यासाठी ठेव.